मागच्या हौसिंगचं तेल

दोन हजार चौदा साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि पोळ्याच्या दिवशी सासुरवाडीच्या, देडतलाईच्या नाल्यात माझी जीप रुतून बसली होती. मागून तू नवी पिकअप घेऊन आलास. मधुकर, आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं असं तू सगळ्यांना हसत सांगायचास. ते खोटं आहे. तू त्या घरचा धाकटा जावई झालास त्याच दिवशी ते सुरू झालं होतं. तुला कळलं नव्हतं एवढंच.

तुझं लग्न होईपर्यंत देडतलाईत जावई म्हणजे मी. पाट माझा, पहिलं ताट माझं. सासऱ्यांचं पाण्याचं इंजिन बिघडलं तरी ते बुऱ्हानपुरात दुसऱ्या कोणाकडे न्यायचे नाहीत, मला निरोप यायचा. मग धाकट्या सुलोचनाचं तुझ्याशी लग्न झालं आणि सासूबाई मला दारात पाणी देता देता विचारायला लागल्या, मधुकर कधी येणार म्हणाला? मी त्यांना काय सांगणार? साडूचा हिशेब साडूनं ठेवायचा असतो का?

तर तो पोळा. जीपमध्ये मी आणि माझी बायको कमल. गाव समोर दिसतंय आणि मागची चाकं चिखलात फिरताहेत. सासरे आणि चार माणसं बघायला आली. कोणीतरी म्हणालं, बैल जुंपून काढू. सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागेच सरकला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं, हे त्यानं विसरावं? सासरे म्हणाले, पाहुणे चालत येतील, गाडी उद्या काढू. थोरला जावई, आणि चपला हातात घेऊन चिखलातून सासुरवाडीला चालत. तेवढ्यात तू आलास.

तू उतरलास. चपला काढल्या, पँट वर दुमडली, माझ्या जीपच्या पुढच्या हुकाला दोर बांधला. तुझंही मागचं एक चाक चिखलातच होतं. मी बघत होतो. मनात म्हटलं, आता ते फिरेल, हाही फसेल, मग दोघं मिळून चालत जाऊ. चाक फिरलंही. पण लगेच मागे कशानं तरी काहीतरी धरलं, दुसऱ्या चाकानं जोर घेतला, आणि म्हैस डबक्यातून उठते तशी तुझी गाडी उठली आणि माझी जीप ओढत गावात गेली. सासरे म्हणाले, "धाकट्याच्या बैलाला पोळ्याची सुट्टी नाही वाटतं." सगळे हसले. कमलही हसली. ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसून हसली.

संध्याकाळी सासूबाई बैलांना ओवाळून ताट घेऊन तुझ्या पिकअपकडे गेल्या आणि बॉनेटला कुंकू लावलं. कमल म्हणाली, आई, आमच्या जीपलाही लाव. दारापर्यंत चिखलात माखलेली जीप बघून सासूबाई म्हणाल्या, आधी धुऊन आणा. मी धुतली नाही.

आता तुझी गाडी अशी का निघाली, ते मला तिथेच कळलं होतं. मी चौथी शिकलो, पण गाडीखाली जन्म गेला. साध्या गाडीचं मागचं एक चाक चिखलात फुकट फिरायला लागलं की इंजिनचा सगळा जोर तेच खाऊन टाकतं, दुसरं चाक उभं राहून बघतं. तुझ्या गाडीच्या मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या त्या लोखंडी गोळ्यात, चकत्यांचा गठ्ठा होता. एक चाक पळायला लागलं की त्या चकत्या एकमेकींना धरतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. लिमिटेड स्लिप म्हणतात त्याला. मी ते नाव आधी ऐकलं होतं. पण बुऱ्हानपुरात शनवाऱ्याच्या माझ्या गॅरेजात तोपर्यंत तसली गाडी आलेली नव्हती. पहिली आली ती तुझी, हेच माझं नशीब.

पहिल्या सर्व्हिसिंगला तू गाडी माझ्याकडे आणलीस. ते बरोबरच केलंस, साडू मेकॅनिक असताना दुसरीकडे जाणं शोभलं नसतं. मी इंजिनचं केलं, ब्रेकचं केलं, मग मागे आलो. एकशे चाळीस नंबर तेलाचा डबा फोडला. तुझ्या केळीच्या घडांचा लोड, आपल्याकडचा उन्हाळा, मागे जाड तेलच पाहिजे. ते गिअरच्या दातांना धरून राहतं. हे मला माझ्या उस्तादानं सांगितलं आणि मी ते माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना सांगितलं. डबा हौसिंगपर्यंत नेला आणि तू माझं मनगट धरलंस.

गॅरेजात तेव्हा दोन गिऱ्हाईकं बसली होती. चहा पीत होती.

"साडूभाऊ," तू म्हणालास, "तुम्ही उस्ताद आहात, पण हिच्यात हे नको. हिचं तेल वेगळं असतं."

"हौसिंग म्हणजे हौसिंग," मी म्हणालो. "गाडीला काय जात असते?"

तू गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलंस. ऐंशी-नव्वदचं तेल, तेही लिमिटेड स्लिपचं, आणि शिवाय एक लहान बाटली औषध. वळणावर आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, तेव्हा त्या चकत्यांनी एकमेकींना सोडलं पाहिजे. साध्या तेलात त्या सोडत नाहीत, अडकतात, सुटतात, परत अडकतात. ते औषध असलं की गुपचूप घसरतात. असं तू मला समजावून सांगत होतास. बारावी शिकलेला केळीवाला मला गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर गाडी समजावत होता. मी म्हणालो, पुस्तक छापणारा बुऱ्हानपुरात मे महिन्यात लोड घेऊन आलाय का? तू हसलास. पण मनगट सोडलं नाहीस. शेवटी डबा मी खाली ठेवला आणि तू म्हणालास, "पुढचं सगळं तुमचं. मागचं मी बघतो."

अकरा वर्षं तू ते वाक्य पाळलंस. क्लच माझ्याकडे, गिअर माझ्याकडे, स्टिअरिंग माझ्याकडे. अर्ध्या वाटेत पट्टा तुटला तरी फोन मला. फक्त मागचं हौसिंग नाही. गाडी माझ्या दारात उभी राहिली की मी मागे जाऊन वाकून बघायचो. नट स्वच्छ, पुसलेले, आणि त्यावर माझ्या पान्याची एक खूण नाही. तुला वाटायचं मी सायलेन्सर बघतोय.

लग्नात, बारशात, जिथे भेटू तिथे हाच विषय. कमल आणि सुलोचना आपल्याला एका पंगतीत बसवायच्या नाहीत. मी म्हणायचो, एकदा भरून बघ माझं. तू म्हणायचास, भरलं आणि चकत्या जळल्या तर? मी म्हणायचो, जळल्या तर नव्या टाकून देईन. तू म्हणायचास, साडूभाऊ, नव्या टाकायला त्या जळाव्यात कशाला? लोक हसायचे. तू कधी आवाज चढवला नाहीस. त्याचाच मला राग. माणसानं भांडताना चिडावं. न चिडणाऱ्या माणसाशी भांडलं की आपणच येडे दिसतो.

आणि तुझं चांगलं वागणं, तेही मला खुपायचं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस तू मला त्याच पिकअपमधून दवाखान्यात नेलंस आणलंस. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून कान जास्त लागत होते. शनवाऱ्याच्या गेटाखालच्या अरुंद वळणावर मी कान देऊन बसायचो. मागून कट् नाही, घर्र नाही. काही नाही. लोण्यातून सुरी जावी तशी वळायची. घरी आलो की कमल विचारायची, त्रास नाही ना झाला? आणि स्वतःच म्हणायची, मधुकरच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. अरे, ती माझी बायको. तिनं तुझ्या गाडीचं कौतुक माझ्या घरात करायचं, ते मी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी ऐकायचं.

तू गेलास तेव्हा तापीवर एवढी माणसं आली की मला पायऱ्यांवर मागेच उभं राहावं लागलं. तुझ्या बहादरपुरचे सगळे, मंडीतले, देडतलाईहून दोन गाड्या भरून. मी माणसं बघत होतो आणि माझ्यासाठी एवढी येतील का, हे मनात येत होतं. लिहायला लाज वाटत नाही, आलं ते आलं. कमल इतकी रडली की तिला धरायला दोन बायका लागल्या. मी मेल्यावर ती एवढी रडेल? हेही आलं. मला रडू आलं नाही. मला राग आला होता की भांडण अर्धं टाकून तू उठून गेलास.

तेरावं झालं आणि सुलोचनाचा फोन आला. जिजाजी, गाडी बघून द्याल का? केळीची कटाई लागली आहे, ड्रायव्हर सांगून ठेवलाय, पण तुझ्या आजारपणात गाडी उभी राहिली आणि मागच्या हौसिंगचं सील गळतंय. खाली तेलाचा डाग पडलाय.

मागच्या हौसिंगचं. मी तिला तीनदा विचारलं, कुठलं म्हणालीस?

बहादरपुरला गेलो. सुलोचना म्हणाली, तेल यांनी आणून ठेवलंय, कोठीत आहे, काढून देते. मी म्हणालो, "सुलोचना, तेल मला शिकवू नको." ती चहा ठेवायला आत गेली.

बहात्तराव्या वर्षी मी तुझ्या गाडीखाली झोपलो. अकरा वर्षांनी तो नट माझ्या पान्यात आला. जुनं तेल काढलं. बोटावर घेऊन चोळलं, नाकाला लावलं, उन्हात धरून बघितलं. कुठे लोखंडाचा कीस नाही, जळका वास नाही. मला त्यात खोट सापडली नाही, आणि मी बराच वेळ शोधत होतो. मग नवं सील बसवलं आणि माझ्या हातपंपानं एकशे चाळीस नंबर भरलं. नवी होती तेव्हा नको म्हणालास, ठीक. आता गाडी जुनी झाली, आतलं सगळं ढिलं झालं, आता तर जाडच पाहिजे. मनातल्या मनात तुला हे सगळं सांगितलं. तू काही बोलला नाहीस. म्हटलं, चला, एकदाचा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी घड भरून गाडी निघाली. वावरातून रस्त्याला लागायला जे उजवं वळण आहे तिथे ती वळली आणि मागून आवाज आला. कट्, कट्, कट्. मग घर्र करून पूर्ण गाडी थरथरली. ड्रायव्हर खाली उतरला.

"काका," म्हणाला, "मागून दात खातेय."

मी म्हणालो, नवं तेल आहे, दोन फेऱ्यांत बसेल. दोन फेऱ्यांत ते जास्त झालं. तिसऱ्या फेरीला तर ओट्यावर बसलेल्या कटाईवाल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी वाकून हात लावला, हौसिंग तापलेलं होतं. चकत्या अडकत होत्या, सुटत होत्या, परत अडकत होत्या. तू गॅरेजात जसं सांगितलं होतंस, शब्दाला शब्द.

संध्याकाळी गाडी अंगणात आली तेव्हा सुलोचना दारात उभी होती. ड्रायव्हर गेला. ती खाली आली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, तेराव्याला आलेल्या एका व्यापाऱ्यानं गाडीची विचारणा केली होती. तिनं तेव्हा नाही म्हटलं होतं.

"विकून टाकू का, जिजाजी? हे वळणावर असले की घरात बसून मला कळायचं, गाडी आली. हा आवाज तिचा नाही. रोज हे ऐकण्यापेक्षा गेलेली बरी."

मधुकर, तू माझ्याशी कधी चिडून बोलला नाहीस, तीही बोलली नाही. मला तेल कोणतं भरलं तेही विचारलं नाही. तिला माहीत होतं. गाडी गेली तर मी कशाखाली वाकून बघू? कोणाला खोटं ठरवू? दुसऱ्या कोणाच्या दारात ती गाडी दात खात फिरेल आणि लोक म्हणतील, मधुकर होता तोवर चांगली होती, साडूच्या हातात गेली आणि बसली. हे मी ऐकून घेणार नव्हतो. मी म्हणालो, विकायची नाही. उद्या मी हे तेल काढतो. कोठीतलं ते तेल काढून दे.

तिनं डबा आणला आणि ती लहान बाटली. मी विचारलं, औषध किती टाकायचा तो, कधी टाकायचा? मला वाटलं, आता पुस्तक शोधावं लागेल. ती म्हणाली, "आधी बाटली पूर्ण. मग डब्यातलं, भोकातून परत येईपर्यंत. मग रिकाम्या वावरात गाडीनं सावकाश आठचे आकडे काढायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून, म्हणजे तेल चकत्यांच्या आत जातं."

मी म्हणालो, तुला कसं माहीत?

"मीच तर ओतायची. हे खाली झोपून नळी धरायचे, मी वर नरसाळं घेऊन. भरत आलं की खालून म्हणायचे, थांब सुलू."

सुलू. मी तिला परकरात असल्यापासून बघतोय. तिला कोणी सुलू म्हणतं हे मला माहीत नव्हतं.

आणि ते आठ. आता सांगून टाकतो, तू होतास तोवर सांगितलं नाही. एकदा दुपारी मी न कळवता बहादरपुरला आलो होतो. तुमच्या वावराच्या बांधावर जीप थांबवली. केळी निघालेली, जमीन मोकळी, आणि त्या मोकळ्या जमिनीत तुझी पिकअप आठ काढत होती. रिकामी. एक पूर्ण करायची, परत दुसरा. तुझ्या शेजारी सुलोचना, पदराचं टोक दातात धरून हसत होती. साठीला टेकलेली दोघं माणसं. मला वाटलं, म्हातारपणी चाळे सुचलेत यांना. मी हॉर्न वाजवला नाही. जीप वळवली आणि शनवाऱ्याला परत आलो. त्या दिवशी कमलनं विचारलं, एवढ्या लवकर कसे आलात, तर तिच्यावरच ओरडलो.

तर मी जळत होतो तो तेलावर, असं तू समजू नकोस. तेलाचं मी अजून मानत नाही. साध्या हौसिंगला एकशे चाळीससारखं तेल नाही, हे मी तुला वर आल्यावर पटवीन. पंगत, पाट, सासऱ्यांचं हसणं, तेही जाऊ दे. पण नरसाळं. तुझ्याकडे वर उभं राहून ओतणारं माणूस होतं. माझ्या गॅरेजला मी पंप आणला, म्हणजे कोणाची गरज पडायला नको. कमल जेवणाचा डबा घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर थांबायची, मी बाहेर येऊन डबा घ्यायचो. आत तेल आहे, साडी खराब होईल, म्हणायचो. ती कधी आत आल्याचं मला आठवत नाही. गॅरेजचा दरवाजा तिला ठाऊक आहे, भिंती नाहीत. आणि तू, ज्याला स्पॅनरचे नंबर धड पाठ नव्हते, तू एक बाटली औषध टाकायला बायकोला अंगणात बोलावलंस आणि अकरा वर्षं बोलावत राहिलास. सगळं पुस्तकात असतं असं सांगायचास. हे कुठल्या पानावर होतं रे?

त्या संध्याकाळी घरी आलो. कमल भाजी निवडत होती. मी हात धुऊन जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप फळीवरच ठेवला, नळी आणि नरसाळं घेतलं आणि तिला म्हणालो, जुनी साडी नेस, बहादरपुरला जायचंय. ती घाबरली. कोण आजारी आहे, म्हणाली. मी म्हणालो, गाडी. जीपमध्ये तिनं तीन वेळा विचारलं की माझं तिथे काय काम, आणि मी तीनही वेळा रस्ता बघितला. अंगणात माझं एकशे चाळीस नंबर खाली काढलं, नट पुसला, गाडीखाली झोपलो आणि नळी भोकाला लावली. वर कमल नरसाळं धरून उभी राहिली. मला तिचे फक्त पाय दिसत होते. आधी बाटली, म्हटलं, मग डबा. तिनं बाटली ओतली, नाक मुरडलं असणार, कारण म्हणाली, ह्या वासात तुम्ही जन्म काढला? मग डबा उचलला. नळीत तेल थांबून थांबून येत होतं, तरी तिनं थेंब सांडू दिला नाही. थोड्या वेळानं तेल भोकातून परत आलं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं आणि बाहीत शिरलं.

"झालं का?" तिनं वरून विचारलं.

मी म्हणालो, "अजून थोडं."